परदेशातून आणलेली जुनी स्पोर्ट्स कार : पहिल्या काही महिन्यांतल्या बिघाडांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी जहाजातून उतरते, कागदपत्रं होतात, किल्ली हातात येते. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काहीतरी वाजायला, गळायला किंवा गरम व्हायला लागतं. खालची उत्तरं मुख्यतः १९९० ते २००५ च्या दरम्यान बनलेल्या आणि जपानमध्ये वापरून झाल्यावर बाहेर विकल्या गेलेल्या गाड्यांना धरून लिहिली आहेत. जगभर हौसेने आणवल्या जाणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये त्यांचाच भरणा मोठा आहे.

आठवडाभरातच बिघाड सुरू झाले. माझी फसवणूक झाली का?

झाली असेलही, पण लगेच तसं धरून चालू नका. ही गाडी तुमच्याकडे येण्याआधी बराच काळ उभी होती. आधी मूळ मालकाकडे, मग लिलावाच्या आवारात, मग बंदरावर, मग जहाजात. उभ्या गाडीची बॅटरी मरते, ब्रेक डिस्क गंजतात, टाकीतलं पेट्रोल जुनं होतं, रबरी सील सुकतात. मग आपण तिला घेऊन उत्साहाने लांब निघतो आणि तीस वर्षांच्या होज पाइपवर अचानक पूर्ण दाब येतो.

ऑइल सीलमधून पाझर, क्लच सिलिंडर गळणं, ब्रेक चिकटणं, आयडलिंग अस्थिर होणं, खिडकीची काच अडकणं हे सगळं वय आणि उभं राहणं यांतून येतं. इंजिनच्या तळातून येणारे जड ठोके, ऑइलमध्ये मिसळलेलं कूलंट, कापून जोडलेली चासी यांचा मात्र उभं राहण्याशी संबंध नसतो. असं काही निघालं तर गाडी जागेवर ठेवा आणि खाली विक्रेत्याबद्दल लिहिलं आहे ते आधी वाचा.

गाडी आल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?

गाडी थंड असताना एकदा सुरू करा आणि फक्त ऐका. पहिल्या सेल्फचा आवाज, पहिल्या काही सेकंदांत साखळीची किंवा टॅपेटची खडखड, सायलेन्सरमधून येणाऱ्या पहिल्या धुराचा रंग, या गोष्टी इंजिन गरम झाल्यावर पुन्हा दिसत नाहीत. मोबाइलवर चित्रण करून ठेवा. निळा धूर ऑइल जळत असल्याचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा, दाट, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा धूर कूलंटचा.

मग सगळे द्रव बदला. इंजिन ऑइल आणि फिल्टर, गिअर ऑइल, डिफरन्शियल ऑइल, कूलंट, ब्रेक आणि क्लच फ्लुइड. जुनं ऑइल स्वच्छ भांड्यात काढा, फिल्टर कापून आतला कागद पसरून बघा. चमकणारे धातूचे कण दिसले तर इंजिनच्या आत काय चाललंय ते उघडण्याआधीच कळतं. गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगवर लोहचुंबक असेल तर त्यावर थोडी बारीक करडी पेस्ट असणं नेहमीचं आहे. दातांचे तुकडे नेहमीचे नव्हेत.

यानंतर एक वही करा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, काय आवाज आला, इंजिन थंड होतं की गरम, पाऊस होता की ऊन. मी हे सुरुवातीला केलं नाही आणि त्याची शिक्षा भोगली. माझ्या दोन आसनी, उघड्या टपाच्या गाडीत डाव्या पायाखालचा गालिचा सारखा ओला व्हायचा. मी हीटरच्या पाइपांवर संशय घेऊन डॅशबोर्ड अर्धा उघडला. नोंदी ठेवल्या असत्या तर पाऊस पडला की दुसऱ्या दिवशीच पाणी येतं, हे दोन आठवड्यांत कळलं असतं. कापडी टपाचं पाणी बाहेर सोडणारी बारीक नळी पाल्याने तुंबली होती. लवचिक वायरचा एक तुकडा घातला आणि काम झालं. पण तोपर्यंत दाराखालच्या पोकळ पत्र्यात पाणी साचून आतून गंज धरला होता.

कोणती लक्षणं दिसली तर गाडी तिथल्या तिथे बंद करायची?

ऑइलचा दिवा. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून सरकणं. ब्रेक पेडल मऊ होणं. पेट्रोलचा वास. आणि इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारे खालचे ठोके. यातल्या कशासाठीही घरापर्यंत जाऊ आणि मग बघू, असं करायचं नाही. ऑइलच्या दाबाशिवाय बेअरिंग काही सेकंदांत जातं.

टायमिंग बेल्ट बदलल्याचा स्टिकर इंजिनवर आहे. त्यावर विश्वास ठेवू का?

जपानी गॅरेजवाले बेल्ट बदलल्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिलेला स्टिकर लावतात आणि तो बहुतेक वेळा खरा असतो. अनेक इंजिनांना अंतर १,००,००० किलोमीटरचं दिलेलं आहे, निस्सान स्कायलाइन जीटी-आरच्या आरबी२६ इंजिनला सुद्धा. पण रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. स्टिकरवरची तारीख पंधरा वर्षांपूर्वीची असेल तर फक्त २०,००० किलोमीटर झालेत म्हणून गप्प बसू नका. बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप आणि समोरचे ऑइल सीलही एकाच वेळी बदला, कारण मजुरी तीच लागते. स्टिकर नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं समजा.

माझ्दाच्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५चं (जपानमधलं नाव युनोस रोडस्टर) सुरुवातीचं १.६ लिटर इंजिन असेल, तर पुढची पुली काढल्यावर क्रँकच्या टोकाकडे नीट बघून घ्या. १९८९ ते १९९१ च्या गाड्यांत हे टोक आखूड आहे आणि पुलीला जागेवर धरणारी तिथली धातूची चावी ढिली होऊन खाच झिजते. पुलीला आठऐवजी चार खिडक्या असणं ही त्या आखूड क्रँकची ओळख. बोल्ट ठरलेल्या ताकदीनेच, टॉर्क रेंचने आवळा.

इंजिन गरम झालं की आयडलिंग वरखाली होतं. सेन्सर बदलू?

नको. आधी हवा, मग वायर, मग सेन्सर, हा क्रम ठेवा. या वयाच्या गाड्यांत व्हॅक्युमचे रबरी पाइप लाकडासारखे कडक होतात आणि टोकाला चिरतात. मोजलेल्या हवेशिवाय जास्तीची हवा आत गेली की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, गोंधळतो. गॅरेजमध्ये इनटेकमध्ये धूर सोडून गळती बघता येते, आणि भराभर सुटे भाग बदलत बसण्यापेक्षा ते फार स्वस्तात पडतं. मग थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह साफ करा. मग इंजिन ते चासी या अर्थिंगच्या वायरी काढून, पत्रा घासून, पुन्हा आवळा. समुद्रप्रवास करून आलेल्या गाडीत या जोडांवर हिरवट थर सापडतो. एवढं झाल्यावरही त्रास राहिला तर सेन्सरची पाळी.

चेक इंजिनचा दिवा लागलाय, पण स्कॅनर गाडीशी बोलतच नाही.

गाडी जुनी असेल तर तो बोलणारच नाही. स्कॅनरला समजणारी ओबीडी-२ ही दोष वाचण्याची प्रमाणित पद्धत आहे. तिचं बंधन अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आलं. जपानी बाजारासाठी बनलेल्या गाड्यांना ती सक्ती लागू नव्हती, त्यामुळे सॉकेट तसाच दिसला तरी आतली भाषा वेगळी असू शकते. जुन्या गाड्या दिव्याच्या उघडझापीने कोड सांगतात. टोयोटात डायग्नोसिसच्या डबीतल्या टीई१ आणि ई१ या पिना जोडून, माझ्दात टीईएन आणि जीएनडी जोडून. माझ्दात लांब उघडझाप म्हणजे दशक, छोटी म्हणजे एकक. टोयोटात सगळ्या उघडझापी सारख्याच, दोन आकड्यांच्या मध्ये थोडा विराम. जोडताना त्या पिनांवरची नावं दोनदा वाचा. चुकीच्या पिना जोडल्या तर फ्यूज किंवा ईसीयू जाऊ शकतो. निस्सानच्या अनेक गाड्यांना कन्सल्ट नावाचा स्वतंत्र १४ पिनांचा सॉकेट असतो आणि त्यासाठीची केबल वेगळी मिळते.

जोर दिला की इंजिनातून मुठीत खडे हलवल्यासारखा आवाज येतो.

पाय उचला. हे नॉकिंग, म्हणजे पेट्रोल भलत्या वेळी आपोआप पेटणं, असू शकतं आणि टर्बो इंजिनाचा पिस्टन त्याने फुटतो.

जपानमधलं महागडं पेट्रोल साधारण ९८ ते १०० आरओएनचं (आरओएन ही ऑक्टेन मोजण्याची एक पद्धत) असतं आणि तिथल्या टर्बो गाड्या त्याच्यावर बेतलेल्या आहेत. तुमच्याकडे पंपावर ९५ मिळत असेल तर मूळ ट्यूनिंगला ते कमी पडेल. उत्तर अमेरिकेत पंपावरचा आकडा आरओएन नसून ऑक्टेन मोजण्याच्या दोन पद्धतींच्या सरासरीचा असतो, तिथलं ९१ म्हणजे ढोबळमानाने ९५-९६ आरओएन. आधी टाकी रिकामी करून मिळेल ते सर्वात वरचं पेट्रोल भरा. तरी आवाज थांबला नाही तर प्लग काढून बघा, बूस्ट (टर्बोने आणलेला हवेचा दाब) मोजा, इग्निशन टायमिंग तपासा. आधीच्या मालकाने बूस्ट वाढवून ठेवलेला असतो आणि ते कागदावर कुठेच नसतं.

गाडीत आधीच्या मालकाने केलेले बदल आहेत. ते काढून टाकू?

ज्या बदलाचं कारण कळत नाही, तो बदल संशयित. बिघाड शोधताना गाडी शक्य तितकी मूळ स्थितीत आणली की शोध निम्मा होतो.

नेहमी सापडणाऱ्या तीन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे टर्बो टायमर (किल्ली काढल्यावरही टर्बो थंड होण्यासाठी इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारं यंत्र) आणि अलार्म. इग्निशनच्या वायरी सोलून, नुसती टेप गुंडाळून जोडलेले. गाडी मध्येच बंद पडते आणि लगेच सुरूही होते, असा बिघाड असेल तर स्टिअरिंगखालचं कव्हर आधी उघडा. दुसरी म्हणजे हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. ज्या गाडीत एअरफ्लो मीटर आहे तिथे मोजलेली हवा बाहेर जाते, ईसीयू मात्र तिच्या हिशेबाने पेट्रोल टाकतोच. मग गिअर बदलताना फटका बसतो आणि काळा धूर येतो. तिसरी म्हणजे सोन्यासारखे दिसणारे पण कुठल्या ट्यूनिंगचे ते न कळणारे ईसीयू. वर स्टिकर नाही, बिल नाही, तर मूळ ईसीयू मिळवून लावून बघा.

नवीन बदल करायचे तर गाडी निदान तीन महिने आणि एक पूर्ण ऑइल बदल इतकी नीट चालल्यावर. मला माहीत आहे की हात शिवशिवतात. पण बिघाड आणि बदल एकमेकांत मिसळले की दोन्ही सापडत नाहीत.

कूलंट कमी होतंय, पण जमिनीवर थेंब नाही.

रेडिएटरचं झाकण बदला. त्याची स्प्रिंग ढिली पडली की पाणी वाफेवाटे जातं. मग थंड गाडीला प्रेशर टेस्टर लावून दाब टिकतो का बघा. टिकला नाही आणि बाहेर ओलही नाही, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. कूलंटच्या वाफेत जळालेला वायू आहे का हे ओळखणारं निळं रसायन मिळतं. वायू असेल तर ते पिवळं होतं. मेकॅनिकने नुसत्या अंदाजावर हेड उघडायला सांगितलं तर ही चाचणी आधी करायला लावा.

इंजिन मधोमध किंवा मागे असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ टोयोटा एमआर२मध्ये, रेडिएटर पुढे असतो आणि पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. कूलंट बदलताना ठरलेल्या ठिकाणचे हवेचे स्क्रू उघडून हवा काढली नाही तर ती आत अडकते, काटा वर जातो आणि चांगलं इंजिन खराब ठरवलं जातं. असे कितीतरी बिघाड गॅरेजमधून बाहेर पडतानाच तयार होतात.

माझ्दाची आरएक्स-७ घेतलीय. ती ऑइल पिते.

तिने प्यायलाच हवं. रोटरी इंजिनात एक छोटा पंप मुद्दाम थोडं ऑइल ज्वलनकक्षात सोडतो, टोकाच्या सीलना वंगण मिळावं म्हणून. ऑइल अजिबात कमी होत नसेल तर तो पंप बंद केलाय का ते विचारा, आणि केला असेल तर पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळलं जात होतं का तेही.

थंड इंजिन सुरू करून, गाडी दोन हात पुढे घेऊन लगेच बंद करू नका. आत पेट्रोल साचतं आणि ती पुन्हा सुरू होत नाही. नव्या मालकांना पहिल्या महिन्यात भेटणारा हा सगळ्यात नेहमीचा ‘बिघाड’ आहे. कॉम्प्रेशन साध्या गेजने मोजू देऊ नका. रोटरच्या तिन्ही बाजू वेगळ्या दाखवणारं खास यंत्र लागतं, कारण साधा गेज तिघांतला सर्वांत चांगला आकडा दाखवून मोकळा होतो. तिसऱ्या पिढीच्या गाडीत दोन टर्बो पाळीपाळीने चालवणाऱ्या व्हॅक्युम पाइपांचं जंजाळ आहे. दुसरा टर्बो उशिरा किंवा झटक्याने आला तर टर्बोला दोष देण्याआधी ते पाइप बदला. कूलंटची हवा वेगळी काढणारी प्लास्टिकची छोटी टाकीही वयाने फुटते. धातूची बसवा.

जुनी पॉर्श असेल तर?

१९९७ नंतरची पहिली बॉक्स्टर आणि ९९६ पिढीची साधी ९११ यांत इंजिनमधल्या इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग हा माहितीतला कच्चा दुवा आहे. प्रत्येक ऑइल बदलाला फिल्टर कापून बघा, आणि क्लचसाठी गिअरबॉक्स उतरेल तेव्हाच ते बेअरिंग बदलण्याचा विचार करा.

दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते.

उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू इंजिनवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. हे ठीक असेल तर गाडी बंद करून, कुलूप लावून, अर्ध्या तासाने मल्टीमीटरने प्रवाह मोजा. ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. जपानी नेव्हिगेशन आणि टोलचं यंत्र हे पहिले संशयित. बॅटरी डिकीत असलेल्या गाड्यांत मूळ बॅटरीला वाफ बाहेर नेणारी नळी असते. साधी बॅटरी बसवली की आम्लाच्या वाफेने डिकीचा पत्रा खातो.

क्लच पेडल जमिनीला टेकलं आणि वर आलंच नाही.

माझ्या गाडीचं तिसऱ्याच दिवशी झालं होतं. गिअरबॉक्सजवळचा, क्लच ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर गळतो. पेडलजवळचा मास्टर आणि हा स्लेव्ह, दोन्ही एकदम बदला. नवा स्लेव्ह जुन्या मास्टरवर जास्त दाब आणतो आणि महिनाभरात तोही जातो.

क्लचमध्येही असणारं ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ या प्रकारच्या फ्लुइडचा किमान उत्कलनबिंदू ताजा असताना २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा धरल्यावर १५५ पर्यंत उतरतो. घाटात पेडल मऊ होतं ते यामुळे. दर दोन वर्षांनी बदला.

गाडी वळणावर घाबरवते, मागची बाजू सुटते.

टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१२ म्हणजे २०१२ चा तेविसावा आठवडा. खाचा खोल असतील, पण रबर कडक झालंय. मागे इंजिन किंवा जास्त ताकद असलेल्या गाडीत जुने टायर जीवघेणे ठरतात, म्हणून मी हा खर्च पुढे ढकलायला कधीच सांगत नाही. त्यानंतर बुश, बॉल जॉइंट आणि अलाइनमेंट. अनेक स्कायलाइन गाड्यांमध्ये मागची चाकं वळवणारी हायकास यंत्रणा असते. तिच्या बॉल जॉइंटमध्ये खेळ आला की गाडी सरळ रस्त्यावरही हुंदडते.

लिलावाच्या कागदावर ४ ग्रेड होता, तरी पत्रा असा कसा?

ग्रेड हे लिलावाआधी गाडी तपासणाऱ्याचं थोड्या वेळातलं मत असतं. कागदावरच्या गाडीच्या आकृतीकडे जास्त लक्ष द्या. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीची लाट, एस म्हणजे गंज, एक्सएक्स म्हणजे बदललेला भाग. सोबतचा आकडा जितका मोठा तितका दोष मोठा. ग्रेडच्या जागी आर असेल तर अपघातानंतर दुरुस्ती झाली आहे. होक्काइडो आणि उत्तरेकडच्या भागात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथली गाडी पोटाखालून बघितल्याशिवाय निर्धास्त होऊ नका. खाली ताजा काळा थर मारलेला दिसला तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला भद्द वाजतो.

हे बिघाड आहेत का : १८० च्या पुढे जात नाही, रेडिओवर स्टेशनं नाहीत, समोरचा प्रकाश चुकीच्या बाजूला?

नाहीत. जपानी गाड्यांना १८० किलोमीटरचा वेगमर्यादक असतो. तिथला एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन ९० च्या आसपास संपायचा. दिवे डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी आहेत. उजवीकडून चालणाऱ्या देशात ते बदलावेच लागतात, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात.

एअरबॅगचा दिवा बंद आहे, मग ठीक ना?

दिवा रिकॉलबद्दल, म्हणजे कंपनी सदोष भाग बदलून द्यायला गाड्या परत बोलावते त्याबद्दल, काही सांगत नाही. टाकाटा या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगमध्ये उष्णता आणि दमटपणाने आतलं रसायन बिघडतं आणि फुगताना धातूचे तुकडे उडू शकतात. आयात गाडीचा क्रमांक स्थानिक कंपनीच्या यादीत नसतो, त्यामुळे पत्र येण्याची वाट बघू नका. जपानी कंपनीच्या संकेतस्थळावर चासी क्रमांक टाकून स्वतः तपासा. हा क्रमांक १७ अक्षरी नसतो, मॉडेलचा कोड आणि पुढे आकडे अशा स्वरूपाचा असतो. सुटे भागही त्याच क्रमांकावरून मागवा. गाडीच्या नावावरून मागवलेला भाग निर्यात मॉडेलचा निघतो आणि बसत नाही.

विक्रेत्याला कधी आणि कसं कळवायचं?

बिघाड दिसला त्याच दिवशी, लेखी. फोनवर झालेलं बोलणंही नंतर ईमेलने पाठवून ठेवा. कायदा देशागणिक वेगळा आहे आणि ‘आहे तशी’ विकलेल्या गाडीबद्दलचे नियमही, पण एक गोष्ट सगळीकडे उपयोगी पडते. विक्रेत्याला बघण्याची संधी देण्याआधी गाडी उघडू नका. इंजिन एकदा सुटं झालं की बिघाड आधीचा होता की तुमच्या मेकॅनिकने केला, हे सिद्ध करणं जवळपास अशक्य.

चित्रण, किलोमीटरचा फोटो, स्वतंत्र मेकॅनिकचा लेखी अहवाल आणि जाहिरातीची प्रत जपून ठेवा. मागणी एकच आणि स्पष्ट असू द्या : दुरुस्ती, खर्चात वाटा, की गाडी परत. निर्यात प्रमाणपत्रावर जपानमधल्या तपासणीच्या वेळी नोंदवलेले किलोमीटर असतात. मीटरवर त्याहून कमी दिसत असतील तर बाकी कुठल्याही बिघाडापेक्षा ते आधी लिहा.

परत द्यावी की ठेवावी, कसं ठरवू?

चासी आणि कागद बघा. ही दोन सरळ असतील तर इंजिन, गिअरबॉक्स, टर्बो सगळं दुरुस्त होतं, वेळ आणि पैसा लागतो इतकंच. चासी वाकडी किंवा आतून गंजलेली असेल, किंवा कागदावरचा क्रमांक आणि पत्र्यावर कोरलेला क्रमांक जुळत नसेल, तर गाडी कितीही आवडली असली तरी परत करण्याची मुदत संपू देऊ नका.